बाण हरणाच्या आरपार जात नाही? वजन वाढवण्याआधी हे तपासा

तक्रार दर हंगामात तीच येते. हरीण वीस यार्डांवर, आडवं उभं. नेम चुकलेला नाही, बाण बरगड्यांतच बसला, पण अर्धाच शिरला. हरीण उधळलं, बाहेर राहिलेली दांडी झाडीत अडकून मोडली. जमिनीवर रक्ताचे चार थेंब, पुढे पानांच्या खचात काहीच नाही. मग कोणीतरी जाणकार सांगतो, "बाण हलका आहे तुझा, जड कर." पठ्ठ्या दुकानात जातो, १०० ग्रेनचं (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप) टोक काढून २०० चं बसवतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच रडगाणं.

जड करण्याचा सल्ला चुकीचा नाही, त्याचा क्रम चुकीचा आहे. बाण किती आत शिरणार हे वजनाच्याही आधी एका गोष्टीवर ठरतं: लागण्याच्या क्षणी तो सरळ होता की शेपूट हलवत आला होता. सुई तिरकी धरली तर कितीही जोर लावा, जाड कापडात ती वाकते, शिरत नाही. बाणाचंही तसंच होतं. आणि नुसतं पुढचं टोक जड केल्याने बाण बऱ्याचदा आणखी तिरका उडायला लागतो. तो का, ते खाली येईलच.

हे सगळं अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणाच्या परवानाधारक शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे, मग चितळ असो की सांबर. धनुष्याने केली म्हणून गुन्हा लहान होत नाही. डिसेंबरच्या सुट्टीत गावी जाताना सामान बरोबर नेऊ, असा विचार डोक्यात आला तर तिथेच सोडून द्या.

मिशिगनमध्ये धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि १५ नोव्हेंबरला बंदूकवाले जंगलात उतरतात. विस्कॉन्सिनमध्ये तर सप्टेंबरच्या मध्यालाच सुरुवात होते. म्हणजे खाली सांगितलेली कामं ऑगस्टमध्ये उरकायची. सप्टेंबरअखेरीस दुकानात गेलात तर कारागिराला मान वर करायला सवड नसते, तो रेस्ट (धनुष्यावर बाण टेकतो तो आधार) जागेवर बसवून तुम्हाला वाटेला लावतो.

आरपारच का हवं

बाण मारतो तो कापून, रक्तस्राव करून. धक्क्याने नाही. दोन्ही फुप्फुसं कापली गेली तर हरीण फार लांब जात नाही. पण मक्याच्या उभ्या शेतात किंवा दलदलीतल्या पाणकणसांत शंभर यार्डही पुष्कळ होतात. तिथे तुमचा सगळा भरवसा रक्ताच्या मागावर.

आता मचाणाचा हिशोब बघा. तुम्ही अठरा-वीस फूट वर बसलेले, हरीण खाली. बाण पाठीच्या बाजूने, वरच्या बरगड्यांतून आत जातो. आरपार गेला तर छातीच्या खालच्या बाजूने निघतो आणि रक्त त्या खालच्या भोकातून वाहतं. नाही गेला तर भोक एकच, तेही उंचावर. रक्त छातीच्या पोकळीत साठत राहतं, बाहेर येतच नाही. वरच्या भोकात चरबी आणि कातडं सरकून बूच बसतं. हरीण मेलेलं असतं आणि तुम्हाला सापडत नाही. ते वाया जाणं कुठल्याही सभ्य शिकाऱ्याला लागतं, म्हणून या दोन भोकांचा एवढा आग्रह.

थांबलेला बाण काय सांगतो

बाण सापडला तर तुकडे फेकू नका. ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार पात्यांचं टोक) वाकलाय, मानेशी मुडपलाय, तर तो हाडावर, बहुधा फऱ्यावर आदळला. तो प्रश्न नेमाचा किंवा हरणाच्या उभं राहण्याच्या कोनाचा. दांडीचं पुढचं टोक फुलून चिरलंय, इन्सर्ट (टोक जिच्यात बसतं ती दांडीच्या आतली नळी) आत ढकलला गेलाय, तर जोडणी कच्ची आहे. आणि काहीच वाकलेलं नाही, मोडलेलं नाही, बरगड्यांमधून गेलेला बाण तरीही आठ-दहा इंचांवर थांबला, तर दोनच संशयित उरतात: तिरकं उडणं किंवा बोथट पातं.

दांडीवरचं रक्तही बघा. गुलाबी, फेसाळ म्हणजे फुप्फुस. अर्धा तास थांबून निघा. गडद, काळपट लाल म्हणजे कलेजी. चार-सहा तास जागचे हलू नका. हिरवट घाण आणि उग्र वास म्हणजे पोट. मग आठ-दहा तास. संध्याकाळी लागला असेल तर सकाळीच शोधायचं. इथे घाई केली की हरीण उठून पुढच्या तालुक्यात जातं.

शेपूट सरळ आहे का

सगळ्यात सोपी तपासणी घरच्या टेबलावर होते आणि तीच कोणी करत नाही. ब्रॉडहेड लावलेल्या बाणाचं टोक लाकडाच्या फळीवर टेकवा, दांडी उभी धरा, दोन बोटांनी गरकन फिरवा. पात्यांकडे बघू नका, ती फसवतात. ब्रॉडहेड जिथे दांडीला मिळतो तो सांधा बघा. तिथे काही हलताना दिसत नसेल, बाण जागच्या जागी उभा आहे असंच वाटत असेल, तर झालं. सांध्याची कड धूसर झाली, थरथरली, वर धरलेल्या बोटांना बारीक खरखर जाणवली, तर तो बाण हरणावर सोडायचा नाही.

दोष बहुतेक वेळा ब्रॉडहेडमध्ये नसतो, दांडीच्या कापलेल्या टोकात असतो. करवतीने दांडी काटकोनात कापली गेली नसेल तर इन्सर्ट त्या तिरक्या कडेवर बसतो आणि पुढचं सगळं तिरकं होतं. दांडीच्या कडेला काळ्या मार्करने रंग द्या आणि टोक चौरस करायच्या साधनावर ती दोन-चार वेळा फिरवा. शाई एका बाजूची गेली, दुसऱ्या बाजूची राहिली, तर राहिलेली बाजू खोल आहे. सगळी शाई सारखी निघेपर्यंत हलक्या हाताने घासा, मगच इन्सर्ट चिकटवा. गरम करून लावायचा गोंद वापरत असाल तर आच टोकाला द्या, कार्बनच्या दांडीला नाही. जास्त आचेने कार्बनमधलं राळ कमकुवत होतं आणि वरून काही दिसत नाही.

यानंतर कागद. चौकटीत ताणून बसवलेला वर्तमानपत्राचा कागद, मागे लक्ष्याची गादी, तुम्ही सहा-आठ फुटांवर. बाण कागदातून सोडला की फाटलेली जागा तुम्हाला सगळं सांगते. मधोमध एक गोल भोक आणि त्यातूनच निघालेल्या पिसांच्या तीन चिरा, हे हवं. गोल भोक एकीकडे, पिसांच्या चिरा इंचभर दुसरीकडे, म्हणजे टोक एका वाटेने आणि शेपूट दुसऱ्या वाटेने गेलं.

रिलीजने (दोरी सोडायच्या चापाने) सोडणाऱ्या कंपाउंड, म्हणजे चाकांच्या धनुष्याचा नियम लक्षात ठेवायला सोपा: शेपूट जिकडे, रेस्ट तिकडे. शेपूट वर गेलं तर रेस्ट वर उचला किंवा डी-लूप (दोरीवरचा छोटा फास) खाली आणा. शेपूट डावीकडे तर रेस्ट डावीकडे. इंचाच्या बत्तिसाव्या हिश्श्याने सरकवायचा आणि पुन्हा बघायचं. एकदम पाव इंच सरकवून मग "काही फरक पडत नाही" म्हणणारे बरेच भेटतात.

पण रेस्टला हात लावण्याआधी तीन गोष्टी तपासा. नाहीतर दिवसभर एका चुकीच्या मागे दुसरी चूक लावत बसाल. दोन्ही कॅम (धनुष्याच्या टोकांची चाकं) एकाच वेळी वळतात का? एक मागे पडला तर खाच वर-खाली उडते आणि रेस्टने ते दुरुस्त होत नाही. पिसं कुठे घासतात का? पायाला मारायची पावडर रेस्टवर आणि केबलवर फवारा, एक बाण सोडा, पावडर कुठे पुसली गेली ते बघा. खाली पडणारी रेस्ट उशिरा पडत असेल तर खालचं पीस तिला हमखास शिवतं. तिसरी गोष्ट तुमची मूठ. धनुष्य आवळून धरलं की सोडताना मनगट वळतं आणि प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेला फाटतं. कागद दर वेळी वेगळं बोलत असेल तर दोष धनुष्यात नाही, हातात आहे. धनुष्य अंगठ्याच्या मुळाशी टेकू द्या, बोटं सैल सोडा, पट्टा असेल तर तो मनगटावर ठेवून निश्चिंत राहा.

कागदावर जमलं की खरी परीक्षा ब्रॉडहेडची. वीस यार्डांवरून एक फील्ड पॉइंट (बिनपात्याचं सरावाचं टोक), एक ब्रॉडहेड, सारख्याच वजनाचे. मग तीस, मग चाळीस. बिनपात्याच्या टोकाचा बाण थोडा तिरका निघाला तरी पिसं त्याला सावरतात. ब्रॉडहेडची पाती मात्र पुढे पंखांचं काम करतात आणि तिरकेपणा वाढवतात. म्हणून फील्ड पॉइंट चहाच्या कपाएवढ्या जागेत आणि ब्रॉडहेड सहा इंच डावीकडे, असं होतं. नियम असा: ब्रॉडहेडच्या गटाकडून फील्ड पॉइंटच्या गटाकडे ज्या दिशेने जावं लागेल, रेस्ट त्या दिशेला सरकवा. ब्रॉडहेड डावीकडे जात असतील तर रेस्ट उजवीकडे. दोन्ही गट एकत्र आले की शेवटी साइट (नेम धरायचं साधन) हलवा.

इथे एक पळवाट सगळ्यांना ठाऊक असते. ब्रॉडहेड डावीकडे जातात ना, मग साइटच डावीकडे सरकवा, काम झालं. नेम लागतो, मान्य. पण बाण तिरका उडत होता तो तिरकाच उडतोय. लक्ष्यावर ते कळत नाही, हरणाच्या बरगडीत कळतं. ज्यांना "नेम तर बरोबर बसला, मग आरपार का नाही" हा प्रश्न पडतो, त्यांनी आपली साइट हंगामाआधी का सरकवली होती ते आठवून बघावं.

टोक जड केलं आणि बाण मऊ पडला

आता त्या २०० ग्रेनच्या टोकाकडे येऊ. धनुष्य सुटलं की बाण सरळ निघत नाही, आधी वाकतो. मागून दोरीचा रेटा, पुढे टोकाचं जडत्व, मधली दांडी लवते. किती लवते त्याला स्पाइन म्हणतात. मोजायची रीत ठरलेली आहे: दांडी २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायची, मधोमध १.९४ पाउंड, म्हणजे ८८० ग्रॅम वजन टांगायचं. अर्धा इंच वाकली तर स्पाइन ५००, ०.४ इंच वाकली तर ४००. आकडा लहान, दांडी ताठ.

पण हा आकडा दुकानातला. धनुष्यावर दांडी किती ताठ वागेल ते तीन गोष्टींवर अवलंबून: धनुष्याचा ओढ-भार (दोरी ओढायला लागणारा जोर), दांडीची लांबी, आणि पुढचं वजन. तिन्हींपैकी काहीही वाढलं की दांडी मऊ वागते. म्हणजे ६० पाउंडांच्या धनुष्यावर २८ इंची ४०० ची दांडी आणि १०० ग्रेनचं टोक, हे जमलेलं लग्न होतं. तुम्ही टोक दुप्पट केलंत, बाकी सगळं तसंच ठेवलंत, आता दांडी गरजेपेक्षा जास्त लवते, सावरायला जास्त अंतर घेते, आणि वीस यार्डांवर पोचते तेव्हाही शेपूट हलवत असते. वजन वाढलं, शिरकाव कमी झाला. मग दोष वजनाला दिला जातो.

टोक जड करायचं असेल तर दांडीही ताठ घ्या. बहुतेक वेळा ४०० वरून ३४० वर यावं लागतं, फारच जड टोक असेल तर ३०० वर. कंपनीचा तक्ता बघताना टोकाच्या वजनाचा रकाना वाचा. लोक ओढ-भार आणि लांबी बघतात आणि तक्ता मिटतात. दोन स्पाइनच्या सीमेवर असाल तर कंपाउंडला ताठ बाजू घ्या. जरा जास्त ताठ दांडीला कॅमवाली धनुष्यं सांभाळून घेतात, मऊ दांडीला नाही.

वजनाचा हिशोब, एकदाच नीट

बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. साधारण साडेपंधरा ग्रेनचा एक ग्रॅम. दांडीवर दर इंचाचं वजन छापलेलं असतं, त्याला लांबीने गुणा आणि बाकीचं मिळवा. ४०० स्पाइनची, इंचाला ८.५ ग्रेनची, २८ इंची दांडी घेतली तर २३८ झाले. अॅल्युमिनियमचा इन्सर्ट १५, टोक १००, नॉक (दोरीवर बसणारा मागचा खाचेचा तुकडा) ९, तीन पिसांचे १८. एकूण ३८०. दुसरीकडे ३४० स्पाइनची, इंचाला ९.३ ग्रेनची दांडी म्हणजे २६०, पितळी इन्सर्ट ५०, टोक १२५, नॉक आणि पिसं तीच. एकूण ४६२, म्हणजे तीस ग्रॅमच्या आसपास.

पहिला बाण २७० फूट प्रति सेकंद वेगाने निघत असेल तर दुसरा साधारण २४५ ने निघेल. दर तीन ग्रेनला सुमारे एक फूट वेग कमी होतो, असा ढोबळ आडाखा आहे. ऊर्जा काढायची तर वजनाला वेगाच्या वर्गाने गुणून ४,५०,२४० ने भागा: दोन्ही बाणांची साडेएकसष्ट फूट-पाउंडांच्या आसपासच येते. धनुष्य देतं तेवढीच ऊर्जा मिळणार, बाण बदलल्याने जादू होत नाही. संवेग मात्र वेगळा निघतो. वजन गुणिले वेग, भागिले २,२५,४००: पहिल्याचा ०.४५५, दुसऱ्याचा ०.५०२. दहा टक्के जास्त. मांसात, बरगडीत अडथळा आला की बाणाला पुढे रेटत ठेवतो तो संवेग. शिवाय हलक्या बाणाचा वेग जास्त म्हणून हवेचा आणि आतल्या ओलाव्याचा विरोधही त्याला जास्त.

म्हणजे वजन वाढवण्यात फायदा आहेच. पण तो दहा टक्क्यांचा आहे. तिरका बाण जे घालवतो ते यापेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणून क्रमाचा हट्ट.

वजन कुठे वाढवायचं? पुढे. बाण नॉकच्या खाचेपासून दांडीच्या पुढच्या टोकापर्यंत मोजा, मग बोटावर तोलून तोल कुठे साधतो ते बघा. तोलबिंदू मध्यापासून किती पुढे आहे, त्याला लांबीने भागून टक्के काढा. वरच्या पहिल्या बाणाचे साडेबारा टक्के येतात, दुसऱ्याचे साडेसोळा. दहा ते पंधरा टक्के हे शिकारीच्या बाणाचं नेहमीचं माप आहे, साडेसोळाही छान चालतं. पुढे जड असलेल्या बाणाला मागची पिसं पटकन सावरतात. त्याच्या पुढे वीस-पंचवीस टक्क्यांचा नाद करणारे आहेत. करू देत. व्हाइटटेलसाठी त्याची गरज मला वाटत नाही, आणि तेवढं करताना स्पाइन सांभाळणं नवख्याच्या हाताबाहेर जातं.

"पण मग बाण खाली पडेल ना?"

हा प्रश्न येतोच, म्हणून हिशोब मांडतो. समजा तुमची पिन (साइटवरची नेमाची खूण) तीस यार्डांची, आणि हरीण प्रत्यक्षात तेहेतीस यार्डांवर. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर २७० चा बाण नेमापेक्षा सुमारे २.४ इंच खाली लागेल, २४५ चा २.९ इंच. फरक अर्ध्या इंचाचा. अंतर पाच यार्डांनी चुकलं तर ४.२ विरुद्ध ५.१. अजूनही एका इंचाच्या आत. हरणाच्या छातीतलं मर्म आठ-दहा इंचांचं असतं. अंतर मोजायचं यंत्र गळ्यात असताना वेगासाठी वजन सोडणं हा तोट्याचा सौदा आहे.

दोरीचा आवाज ऐकून हरीण दबकतं, त्याचंही तसंच. आवाज सेकंदाला सव्वाअकराशे फुटांच्या आसपास जातो. तीस यार्डांवर तो ०.०८ सेकंदात पोचतो, पहिला बाण ०.३३ सेकंदात, दुसरा ०.३७ मध्ये. दोन्ही वेळेला हरणाला पाव सेकंदाहून जास्त सवड मिळते आणि सावध व्हाइटटेलला ती पुरते. यावर उपाय वेग नाही. शांत धनुष्य, जवळचं अंतर आणि बेसावध हरीण हा उपाय. जड बाण धनुष्यातली जास्त ऊर्जा घेऊन जातो, म्हणून मागे खणखणाट कमी उरतो. तेवढा त्याचा फायदाच.

उलट्या टोकाला जाऊन बाण फार हलकाही करू नका. ओढ-भाराच्या दर पाउंडाला पाच ग्रेन ही खालची हद्द बहुतेक कंपन्या देतात, त्याखाली गेलात की धनुष्य रिकामं सोडल्यासारखाच मार त्याला बसतो आणि हमीही जाते. जाहिरातीतला ३३०-३४० चा वेग याच हद्दीवर, ३५० ग्रेनच्या बाणाने, ७० पाउंड आणि ३० इंच ओढीवर (दोरी मागे येते ते अंतर) मोजलेला असतो. तुमची ओढ २८ इंच असेल तर दर इंचामागे दहाएक फूट वजा करा आणि तो आकडा विसरा. व्हाइटटेलसाठी पाउंडाला साडेसहा ते आठ ग्रेन हा माझ्या मते सुखाचा पट्टा. ६० पाउंडांना ३९० ते ४८०.

६५० ग्रेनचा मंत्र जपणारेही भेटतील. तो आकडा डॉ. एड ॲशबी यांच्या कामातून आला. त्यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये बाणांच्या शिरकावाचा अभ्यास सुरू केला, आणि ६५० ही जड हाड फोडण्याची सीमा म्हणून सांगितली. काम मोलाचं आहे. पण तिथलं जनावर वेगळं, हाड वेगळं, प्रश्न वेगळा. आणि त्यांच्याच यादीत वजनाच्या बऱ्याच वर पहिल्या दोन जागा आहेत त्या बाणाच्या मजबुतीला आणि सरळ उडण्याला. मंत्र जपणारे नेमकं तेवढंच पान गाळतात.

ओढ-भार कमी असेल तर

घरातल्या मुलीचं किंवा बायकोचं धनुष्य ४०-४५ पाउंडांचं, ओढ २६ इंच. इथे ऊर्जा मुळातच कमी. बाण बनवणाऱ्या ईस्टन कंपनीच्या तक्त्यात हरणासाठी २५ ते ४१ फूट-पाउंड सांगितले आहेत. ३८० ग्रेनचा बाण २१० च्या वेगाने निघाला तरी सदतीस होतात, म्हणजे काम होतं. पण उधळायला काही शिल्लक नसतं. त्यामुळे इथे उघडणारे ब्रॉडहेड अजिबात नकोत. आदळल्यावर पाती उघडायला ऊर्जा लागते, दोन इंची रुंद भोक पाडायला आणखी लागते. दोन पात्यांचा, टोकापासूनच कापत जाणारा स्थिर ब्रॉडहेड, वस्तऱ्यासारखी धार, आणि वीस यार्डांची हद्द. राज्याचे नियमही बघा: विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी किमान ३० पाउंड ओढ-भार लागतो, आणि ब्रॉडहेडची रुंदी मिशिगन-विस्कॉन्सिन दोन्हीकडे किमान ७/८ इंच.

६० पाउंडांवर उघडणारे ब्रॉडहेड चालतात, लोक दरवर्षी त्यांनी हरणं मारतात. पण तुमची तक्रारच आरपार न जाण्याची असेल तर पहिल्यांदा तो बदला. एक-सव्वा इंची स्थिर ब्रॉडहेड लावून बघा, इतर काहीही न बदलता.

धारेबद्दल एकच सांगतो: ज्या ब्रॉडहेडने सराव केला तो शिकारीला न्यायचा नाही. फोमच्या गादीत दोन-चार वेळा गेला की धार गेली. ताणलेल्या रबरबँडवर पातं अलगद टेकवा. स्पर्शानेच तुटला पाहिजे, दाबावं लागलं तर पातं बदला.

लक्ष्यवेधातून आलेल्यांसाठी

२०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंडचं वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवलं, तेव्हापासून कंपाउंड म्हणजे काय हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. इकडे डेट्रॉइटच्या आसपासही काही मराठी पोरं आधी लक्ष्यवेध शिकून मग शिकारीकडे वळतात. त्यांचं तंत्र आमच्यापेक्षा चोख असतं, बाण मात्र चुकतो. लक्ष्यवेधात ५० मीटरवर रेषेला शिवून गुण मिळावा म्हणून दांडी जाड घेतात, नियमाच्या ९.३ मिलिमीटरपर्यंत. जाड दांडी मांसात जास्त घासते आणि वाऱ्यात जास्त हलते. शिकारीला बारीक, जाड भिंतीची दांडी घ्या. आणि छोटी, बुटकी पिसं फील्ड पॉइंटला पुरतात, ब्रॉडहेडला नाही. थोडी मोठी, पीळ देऊन लावलेली पिसं घ्या. एका बाजूने धार असलेला ब्रॉडहेड असेल तर पिसांचा पीळ आणि धारेची बाजू एकच हवी, उजव्याला उजवा. उलट लावलात तर हवेत एका दिशेने फिरणारा बाण मांसात शिरताच दुसरीकडे फिरू बघतो आणि तिथेच दम तोडतो.

शेवटी, जो बाण जनावरातून गेला, दगडावर आपटला किंवा दुसऱ्या बाणाला लागला, तो पुसून भात्यात ठेवू नका. दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवा, थोडा फिरवून पुन्हा वाकवा, असं सगळ्या बाजूंनी, चेहऱ्यापासून लांब धरून. कट्ट असा बारीक आवाज आला, बोटाला उभी चीर लागली, की मोडून कचऱ्यात. चिरलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात शिरतात. आणि हरणात दांडी मोडली असेल तर त्या जागेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, कार्बनचे तंतू शिजवून विरघळत नाहीत.